बूट काढ, पाय दाखव

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा ५-६ अंशांवर उतरला की ती बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरात येते आणि तिकडच्या लोकांना नवल वाटतं. मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या मुलखात जानेवारीत दात वाजतात, हे त्यांना पटत नाही. आम्हाला त्यात काही नवं नाही. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या पठारावर एखाद्या वर्षी दव गोठून गवतावर पांढरं पडतं. रावेर-यावलकडचे शेतकरी अशा रात्री केळीच्या बागेच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, मोटार चालू करून बागेत पाणी सोडतात. बागेसाठी एवढी धावपळ. माणसांसाठी मात्र आमच्याकडे एकच औषध, शेकोटी. हिव वाजायला लागलं की पऱ्हाट्या गोळा करायच्या, पेटवायच्या आणि हातपाय जाळापुढे धरायचे.

माझं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. लखनौच्या ट्रेनिंग सेंटरात पट्ट्या बांधायला आणि इंजेक्शनं द्यायला शिकलो. पण पुढे लडाखात आणि सियाचीनच्या पायथ्याशी गेल्यावर लहानपणापासून शिकलेली एक गोष्ट विसरावी लागली. ती म्हणजे ही शेकोटी. गारठून बधिर झालेला पाय जाळापुढे धरायचा नाही, हे खान्देशी माणसाला पटवणं फार अवघड. ज्याला पटत नाही त्याला रागवायचंही कशाला म्हणा, कारण हीच चूक मोठमोठ्या सैन्यांनी, मोठमोठ्या डॉक्टरांनी दीडशे वर्षं केली आहे, कधी जाळ लावून तर कधी जाळाच्या अगदी उलट टोकाला जाऊन. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं मी हे सगळं वाचत गेलो.

आधी हिमदंश होतो कसा ते सांगतो. शरीराला थंडी लागली की ते आधी हृदय, मेंदू, पोट यांची सोय बघतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांकडे रक्त कमी जातं. काही वेळ शरीर मधूनमधून थोडं रक्त सोडून बोटं जागी ठेवतं, पण थंडी हटली नाही तर तेही थांबतं. मग त्वचेखालच्या पाण्याचे स्फटिक व्हायला लागतात. ते आधी पेशींच्या बाहेर होतात आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतात. बोट आधी दुखतं, मग ठणकायचं थांबतं, आणि शिपायाला वाटतं, चला, बरं वाटलं. खरा घात इथेच होतो. दुखणं थांबलं म्हणजे बोट गोठायला लागलं. ते मेणासारखं पांढुरकं आणि टणक होतं. ऊब मिळाल्यावर लाल-निळं होऊन सुजतं, फोड येतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि उरलेलं नुकसान त्या गुठळ्या करतात. केळीवाल्याला हे लगेच समजतं. थंडीच्या रात्री बागेत काही दिसत नाही. पान, घड सगळं जागच्या जागी असतं. ऊन पडून चार दिवस गेले की साल काळी पडायला लागते, आणि तेव्हा धूर करून काही उपयोग नसतो.

ही उशिरा दिसणारी जखमच सगळ्या गोंधळाचं मूळ. नेपोलियनच्या सैन्याचा शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याला ती पहिल्यांदा नीट दिसली. १८०७ च्या फेब्रुवारीत पोलंडकडच्या आयलाऊच्या लढाईत शिपाई बर्फात उभे होते. लढाईच्या आधी कडाक्याची थंडी होती, पण पायांची तक्रार घेऊन फारसं कोणी आलं नाही. लढाई संपली, हवा एकदम उबदार झाली, बर्फ वितळायला लागला आणि मग पाय बधिर झाले, सुजले, काळे पडले म्हणत माणसांची रांग लागली. जे तळावरच्या जाळाकडे धावले त्यांची अवस्था सर्वांत वाईट. लारेनं त्यावरून ठरवलं की थंडीपेक्षा ऊब मारते. १८१२ मध्ये मॉस्कोहून परतताना त्यानं तेच पुन्हा पाहिलं, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. रात्री माणसं जाळाशी पाय शेकायची, गोठलेले पाय सैल व्हायचे, सकाळी पुन्हा बर्फात कूच, पाय पुन्हा गोठायचे. एकदा गोठून सुटलेला पाय दुसऱ्यांदा गोठला तर तो वाचत नाही, हे आज आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. लारेला ते अर्धं कळलं होतं. त्यानं उपाय सांगितला तो मात्र भलताच: गोठलेला अवयव बर्फानं चोळा, हळूहळू जागा करा.

लारे मोठा माणूस. रणांगणावरून जखमींना लगोलग उचलून नेणाऱ्या हलक्या गाड्या त्यानं काढल्या, जखमी शत्रूचा असला तरी तो त्याच्यावर उपचार करायचा. अशा माणसाचा शब्द कोण मोडणार? बर्फानं चोळण्याची चाल सगळ्या युरोपातल्या सैन्यांत, मग गिर्यारोहकांत, मग धाडसकथांच्या पुस्तकांत गेली आणि तिथून हलेना. बर्फाचे खडे गोठलेल्या कातडीवर घासले की कातडी फाटते, आतले स्फटिक मांस कापतात. पण चोळणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि चोळून घेणाऱ्यालाही.

आपल्याकडच्या शिपायांच्या हातापायांवर थंडीनं केलेला सर्वांत जुना मोठा घाव मला सापडला तो १८४२ च्या जानेवारीतला, इंग्रज फौजेच्या काबूलहून माघारीचा. ६ जानेवारीला काबूलच्या छावणीतून सुमारे साडेचार हजारांचं सैन्य निघालं. त्यात गोरे सातशेच्या आसपास, बाकी सगळे हिंदुस्थानी. शिवाय बाजारबुणगे, बायकामुलं धरून बारा हजार माणसं. वाटेत फूटभर बर्फ, तंबू नाहीत, सरपण नाही. पहिल्या एक-दोन रात्रींतच शिपायांचे हात असे झाले की बंदूक भरता येईना. पुढच्या खिंडींत अफगाणांच्या गोळ्यांनी मेले ते वेगळे. पण हात चालत असते तर किती जण लढून निघाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. १३ जानेवारीला त्या फौजेतला डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावर जलालाबादला पोचला, तेवढं चित्र इंग्रजांनी भिंतीवर लावलं. बर्फात बोटं गमावलेले शिपाई आणि नोकरचाकर काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रज सेनापती पोलॉकची फौज तिथे गेली तेव्हा ते तिला भेटले. त्यांचं चित्र कोणी काढलं नाही.

हे शिपाई बहुतेक बंगाल आर्मीचे, अवध-बिहारकडचे.

मराठी शिपायांचे पाय खऱ्या अर्थानं गारठले ते १९१४ मध्ये, फ्रान्सात. २६ सप्टेंबरला मार्सेयच्या बंदरात हिंदी फौजेच्या बोटी लागल्या. अंगावर सुती खाकी. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, आणि त्यांत मराठे होते. या माणसांचं काम खंदक खणण्याचं, तारा लावण्याचं, पूल बांधण्याचं. पण २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावर त्यांना संगिनी लावून पायदळासारखं घातलं, आणि कंपन्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी पडले. ही लढाई पुस्तकांत येते. त्यानंतरचा नोव्हेंबर-डिसेंबर कमी येतो.

फ्लँडर्सची जमीन सखल. दोन हात खणलं की पाणी लागतं. पाऊस पडला की खंदकाचा नाला होतो. त्या पाण्यात माणूस दिवस-रात्र उभा, पायांत घट्ट बूट, पिंडऱ्यांना घट्ट पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि वर डोकं काढलं की गोळी. पाणी गोठायचीही गरज नाही. शून्याच्या वरच्या तापमानातही ओल्या, न हलणाऱ्या, आवळलेल्या पायाची वाट लागते. पाय सुजतो, फिकट पडतो, सडतो. याला खंदकपाय म्हणू. त्या पहिल्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. हिंदी फौजेतही हे होतंच. आमच्यासारख्या मुलखातून गेलेल्या पोरानं त्याआधी ओला पाय पाहिला असेल तो फक्त पावसाळ्यात, कपाशीच्या काळ्या चिखलात, आणि तोसुद्धा संध्याकाळी धुऊन चुलीपाशी वाळवायचा पाय.

इंग्रज डॉक्टरांना सुरुवातीला वाटलं की हे पोरांचं ढोंग आहे किंवा कमजोर प्रकृतीचं लक्षण. मग त्यांनी उपाय शोधले: खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्या, पाणी उपसायचे पंप, रबरी बूट, रोज कोरडे मोजे, आणि पायांना व्हेल माशाचं तेल. तेलाची गोष्ट सगळ्यांना आठवते कारण ते फार घाण वासाचं होतं. तेलानं किती फरक पडला देव जाणे. मला वाटतं, फरक पाडला तो तेल लावायच्या पद्धतीनं. शिपायांच्या जोड्या लावल्या आणि एकानं दुसऱ्याचे पाय चोळायचे असं ठरवलं. त्यासाठी बूट काढावे लागायचे, मोजे काढावे लागायचे, आणि चोळणाऱ्याला समोरच्याचं बोट पांढरं पडलंय हे दिसायचं. पाय बघायची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. एखाद्या पलटणीत खंदकपायाचे रुग्ण वाढले तर कमांडिंग ऑफिसरला जाब विचारला जायचा. त्यानंतरच्या हिवाळ्यांत प्रमाण खूप खाली आलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात एवढा एकच बदल खरा मोठा आहे. औषधं नंतर आली, बूट नंतर सुधारले. पण थंडीनं बधिर झालेल्या माणसाला स्वतःचं शरीर कळत नाही, म्हणून त्याचे पाय दुसऱ्यानं बघायचे, आणि बघितले नाहीत तर दोष वरच्याचा, हे १९१५ च्या आसपास पहिल्यांदा नियमात आलं. त्याआधी पाय गेला की दोष शिपायाचा, नाहीतर नशिबाचा.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्सातून हललं, बरंचसं मेसोपोटेमियात गेलं. तिथे मराठा पलटणी आधीच होत्या. त्यांचं दुःख वेगळं, उन्हाचं आणि उपासमारीचं.

गोठलेले हातपाय चोळणं मात्र चालूच राहिलं. ३ जून १९५० ला मोरीस हेर्झोग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरचं माणसानं चढलेलं ते पहिलं शिखर. उतरताना हेर्झोगचे हातमोजे निसटून घरंगळत गेले. लाशनालचे पाय बूट घालूनच गोठलेले. तंबूतल्या सोबत्यांनी रात्रभर त्यांचे हातपाय चोळले आणि दोरखंडाच्या टोकानं फटके मारले, रक्त यावं म्हणून. ते जिवाला जीव देणारे मित्र होते, त्या काळचं शहाणपण तेच होतं. मोहिमेचे डॉक्टर उदो यांनी धमन्यांत इंजेक्शनं दिली. ती देताना दोघांचा जीव कासावीस व्हायचा. मग पावसाळा सुरू झाला, हमालांच्या पाठीवरून त्यांना खाली आणलं, आणि गोरखपूरच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात, उत्तर प्रदेशाच्या त्या दमट उकाड्यात, डॉक्टर एकेक बोट कापत गेले. हिमालयाच्या थंडीचा हिशेब आपल्याच मैदानी रेल्वेत चुकता झाला. हेर्झोगच्या हातापायांची जवळजवळ सगळी बोटं गेली.

चोळणं आणि शेकणं दोन्ही चूक, हे पक्कं व्हायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. अलास्कातल्या अँकरेजचे डॉक्टर विल्यम मिल्स यांनी गोठलेले हातपाय कोमट पाण्यात झटपट मोकळे करण्याची पद्धत रुग्णांवर वापरून नीट मांडली. आज आम्ही पाणी ३७ ते ३९ अंशांवर ठेवतो, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतकं किंवा किंचित जास्त. हाताला फार गरम वाटलं तर ते जास्त आहे. जाळ का नको, तर बधिर पायाला चटका कळत नाही आणि जाळाचे अंश मोजता येत नाहीत. पाण्यात थर्मामीटर बुडवता येतो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दीडशे वर्षं लागली.

भारतात १९६२ उजाडलं तेव्हा हे ज्ञान कागदावर होतं, पायांत नव्हतं. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नाल्यावर सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात, कित्येक जण कॅनव्हासच्या बुटांत, अंगावर एखादं कांबळं घेऊन उभे होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला आला. जे वाचले त्यांतले अनेक बर्फातून माघार घेताना हिमदंशाचे बळी ठरले. इथे दोष शिपायाचा नाही हे सगळ्या देशाला दिसलं. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणायला लागला. आमच्या घरातल्या बायकांनी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा सुया हातात घेतल्या. माझी आत्या सांगायची, शाळेच्या बाईंनी घरोघर लोकर वाटली आणि जवानांसाठी हातमोजे विणायला सांगितले. खान्देशात हातमोजा कोणी पाहिलेला? अंगठ्याची जागा कुठे सोडायची यावरून गल्लीत वाद झाले. एका हातमोज्याला सहा बोटं झाली आणि तोही पाठवला गेला.

दिल्लीत १९६२ मध्येच शरीरक्रियेवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था सुरू झाली, तिला सैन्यात डिपास म्हणतात. थंडी आणि उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो हे आपल्या माणसांवर, आपल्या हवेत मोजायला तिथून सुरुवात झाली. बूट आणि बर्फाचे कपडे मात्र पुढेही बरीच वर्षं परदेशातूनच यायचे.

सियाचीनची गोष्ट थोडी मागून सांगावी लागते: १९६१ मध्ये नीळकंठ शिखराच्या मोहिमेत कर्नल नरेंद्र कुमार यांच्या पायाची चार बोटं हिमदंशानं गेली. सैन्यात त्यांना सगळे ‘बुल’ म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, आता डोंगर विसरा. त्यांनी १९६४ मध्ये नंदादेवीची, १९७७ मध्ये कांचनगंगेची मोहीम नेली आणि १९७८ मध्ये सियाचीनवर पथक घेऊन गेले. त्यांच्या त्या फेऱ्यांमुळेच पाकिस्तानकडून तिकडे काय चाललंय ते दिल्लीला कळलं.

मग १३ एप्रिल १९८४ ला त्याच सियाचीनवर आपलं सैन्य गेलं. चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला खिंडीत कॅप्टन संजय कुलकर्णींची तुकडी उतरवली, चौथ्या कुमाऊँ पलटणीची, सुमारे तीस माणसं. बर्फाचे खास कपडे आदल्या दिवशीच पोचले होते. उणे तीस अंशांची थंडी. थोड्याच वेळात रेडिओ चालवणारा जवान उंचीच्या आजारानं पडला, त्याला हेलिकॉप्टरनं खाली न्यावं लागलं, आणि पाठोपाठ असं वादळ सुटलं की तीन दिवस खालच्या जगाशी संबंध नाही. आकाश मोकळं झालं तेव्हा एक जण दगावला होता आणि एकवीस जणांना हिमदंश झाला होता. शत्रूची एकही गोळी सुटायच्या आधीचे हे आकडे आहेत. सियाचीनवर १९८४ पासून आपले आठशेहून जास्त जवान गेले, त्यांतले बहुतेक हवामानानं. कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

मी तिकडे गेलो तोवर बरंच सुधारलं होतं. दुहेरी बूट, आतला वेगळा, बाहेरचा वेगळा. हातमोज्यांचे थर. पण माणूस तोच. पोस्टवर फायबरच्या झोपडीत रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी, असते, आणि रात्रपाळी करून आलेला पोरगा पहिलं काय करतो, तर पाय बुखारीला चिकटवतो. हातमोजे काढून रॉकेलचा डबा ओततो. रॉकेल स्वतः गोठत नाही पण उणे तीसला असतं, बोटांवर सांडलं की क्षणात काम करतं. उघड्या हातानं रायफलचं लोखंड धरतो, कातडी चिकटते. दोन-दोन मोजे चढवून बूट इतका घट्ट करतो की रक्त जायला वाट उरत नाही. बिडी ओढतो, तंबाखू मळतो, आणि त्याच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. रमचा घोट घेतला की छातीत ऊब वाटते, पण ती उष्णता कातडीवाटे बाहेर जात असते.

म्हणून बडीची पद्धत. प्रत्येकाला एक जोडीदार. तो तुझं नाक, कान, गाल बघणार, तू त्याचे. संध्याकाळी पोस्टचा कमांडर फिरतो: बूट काढ, पाय दाखव. पोरं कंटाळतात, लाजतात, पायाला वास येतो म्हणून टाळतात. पण जे पोस्ट पाय बघतं तिथून आमच्याकडे रुग्ण कमी येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १९१५ चं तेच.

खाली आल्यावर आमचं काम. आधी विचारायचं, परत गोठण्याची शक्यता आहे का? असेल तर पाय मोकळा करायचा नाही. गोठलेल्या पायावर माणूस चालत येऊ शकतो, मोकळ्या झालेल्यावर नाही. पुढे धोका नसेल तर टब, कोमट पाणी, थर्मामीटर. पाणी थंड होत जातं, सारखं गरम पाणी मिसळत राहायचं, पायावर थेट ओतायचं नाही. बोटांचा रंग परत यायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात धडधाकट जवान आईला हाका मारतो. वेदनेचं औषध आधीच द्यावं लागतं. मग फोड येतात. पाणी भरलेला स्वच्छ फोड दिसला की आमचे डॉक्टर खूश. रक्ताचा गडद फोड आला की गप्प व्हायचे. बोटांमध्ये कापूस ठेवायचा, पाय उंच ठेवायचा, आणि वाट बघायची. सर्जन लोकांत जुनी म्हण आहे की जानेवारीत गोठलेलं जुलैत कापावं. काळं पडलेलं बोट आणि जिवंत मांस यांच्यामधली रेघ स्पष्ट व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. घाईनं कापलं तर वाचलं असतं तेही जातं. हे नातेवाइकांना समजावणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत कठीण काम. “आण्णा, अजून थांबा” असं एका म्हाताऱ्या बापाला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, मेलेलं बोट अंगाला ठेवून कोणी झोपतं का?

अलीकडे औषधंही आली आहेत. फ्रान्समधल्या शामोनीच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये इलोप्रोस्ट या औषधाचे चांगले परिणाम दाखवले, अमेरिकेनं २०२४ मध्ये त्याला तीव्र हिमदंशासाठी मान्यता दिली. पण ते लवकर द्यावं लागतं, आणि डोंगरावरून लवकर खाली येणं हेच तर होत नाही.

आता आमच्या अमळनेर-पारोळ्याची पोरं सुट्टी काढून गोठलेल्या झंस्कार नदीवर चालायला जातात. मला विचारायला येतात तेव्हा जॅकेटच्या कंपन्यांची नावं तोंडपाठ असतात. मी विचारतो, बूट कुणाचे? भाड्याचे. मापाचे? थोडे घट्ट आहेत काका, पण चालतील. मी म्हणतो, जॅकेट भाड्यानं घ्या, बूट स्वतःचे घ्या, आणि जो दोस्त तंबूत तुमच्या पायाचा वास सहन करेल त्याच्याबरोबरच जा. ती हसतात. भरतीची तयारी करणारी मुलंही येतात, पण ती सोळाशे मीटरच्या वेळेपलीकडे काही विचारत नाहीत.

आमच्याच तालुक्यात एक माजी शिपाई आहे, डाव्या पायाची बोटं ग्लेशियरवर सोडून आलेला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. पाय बरा झाला असं डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हा तो रजेवर घरी आला. हिवाळा होता, उरलेला पाय दिवसभर गार पडायचा, म्हणून त्याच्या मायनं वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि रात्री पायाला लावली. सकाळी तळव्यावर ताटलीएवढा फोड. त्याला काहीच कळलं नव्हतं. ती बिचारी आठवडाभर जेवली नाही. हिमदंशातून वाचलेल्या पायाची संवेदना पूर्ण परत येईलच असं नसतं. थंडी सोसत नाही, घाम जास्त येतो, सांधे पुढे दुखतात. लेहच्या हवेत याचा त्रास थंडीनं होणार, हे समजतं. खान्देशात त्याचा घोळ उलटा होतो. एकदा मे महिन्यात तो कपाशीचं रान तयार करायला अनवाणी शेतात गेला, दुपारी बांधावर बसून भाकर खाल्ली, घरी आला, आणि बायकोनं पाय पाहिला तर तळवा भाजून सालटं निघालेलं. थंडीनं बधिर केलेला पाय उन्हानं भाजला, आणि पुन्हा त्याला पत्ता नाही.

तेव्हापासून त्याच्या घरात रोज संध्याकाळी वहिनी ओसरीवर त्याचा पाय मांडीवर घेऊन तपासतात. काटा, काच, भाजल्याचा डाग, बोटांच्या खुंटांमध्ये भेग. मी गेलो की माझ्यासमोरच त्याची तक्रार करतात: “रोज सांगस, पायमा वहाना घालीसन जा, पन हाऊ मानूस आयकत नही.” तो म्हणतो, दादा, कमांडर बदलला, ड्यूटी तीच. मग वहिनी दुसरा पायही मागतात. त्याची बोटं शाबूत आहेत, पण त्यालाही वरच्या बाजूनं जाणीव कमी आहे, हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं.